अडलेली लेखणी आणि कौलाचे पत्ते

मराठींतील ‘सुचणें’ हें क्रियापद मोठें मार्मिक आहे. मी लिहितों, मी वाचतों, मी विचार करतों, असें आपण बेधडक म्हणतों. परंतु ‘मी सुचतों’ असें म्हणणारा मनुष्य अद्याप जन्माला यावयाचा आहे. सुचतें तें ‘मला’ सुचतें. म्हणजे देणारा कोणी निराळा, आणि आपण केवळ ओंजळ पुढें करणारे. इंग्रजी शाळा-कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांना लेखन हें अभ्यासाचें आणि उद्योगाचें फळ वाटतें, आणि वर्गांत आम्ही तसेंच सांगतों. भाषा मात्र आमच्या पाठीमागें आपलें जुनें मत सोडीत नाहीं. सुचेनासें झालें म्हणजे आपण म्हणतों, लेखणी अडली. हा ‘अडणें’ शब्दहि साधा नव्हे. पाणी अडतें, चढणीवर बैल अडतो, आणि प्रसूतीच्या वेळीं बाई अडते. यांतील शेवटचा अर्थ ध्यानांत ठेवला, म्हणजे न सुचणाऱ्या लेखकाच्या यातनांकडे आपण थोड्या सहानुभूतीनें पाहूं लागतों. अडलेला हरि कोणाचे पाय धरतो तें वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां अडलेला ग्रंथकार काय काय धरील याचा नेम नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी ठाण्यास घरीं आली. ती डोंबिवलीस राहते. घराणें मूळचें कुडाळ तालुक्यांतलें. तळकोंकणांतून मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत नोकरीस आलेलीं कितीतरी कुटुंबें पुढें लालबाग-परळ सोडून कल्याण-डोंबिवलीकडे सरकलीं, त्यांपैकींच तिचें एक. आजोबांच्या त्या स्थलांतरावर ती कादंबरी लिहीत होती. आजोबा वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर आगबोटीची वाट पाहत उभे आहेत, येथें तिसरें प्रकरण सुरू व्हावयाचें. आणि तेथेंच ते अकरा महिने उभे होते. “सर, हंसूं नका,” असें आधींच बजावून तिनें पिशवींतून पत्त्यांचा एक जोड काढला. ते टॅरोचे पत्ते होते. रोज सकाळीं लिहावयास बसण्यापूर्वीं ती त्यांतले तीन उलटीत असे. एक मागचें सांगणारा, एक आजचें, एक पुढचें. “आई म्हणते, गांवीं जाऊन देवाला कौल लाव. त्यापेक्षां हें बरें, नाहीं कां?” आणि मग जरा खालच्या आवाजांत, “आणखी तीन दिवस असेच वाईट पत्ते निघाले, तर लिहिणें सोडून द्यावें म्हणतें.”

मी हंसलों नाहीं. तिचीं पहिलीं दोन प्रकरणें मीं वाचलीं होतीं; तीं इतकीं चांगलीं होतीं कीं, त्यांचें जगणें-मरणें तीन रंगीत पुठ्ठ्यांवर अवलंबून असावें हें मला सहन होण्यासारखें नव्हतें. परंतु तेथल्या तेथें उपदेश करून असले प्रश्न मिटत नाहींत. मीं तिच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि हे पत्ते आले कोठून, नि अशा वेळीं आपल्याकडे लोक काय करीत आले, याचा धांडोळा घेऊं लागलों. पुढील मजकूर त्या आठ दिवसांचा आहे.

या पत्त्यांसंबंधीं पहिली गोष्ट ही कीं, ते भविष्य सांगण्यासाठीं जन्मलेच नाहींत. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत उत्तर इटलींतील दरबारांत ते खेळावयासाठीं निर्माण झाले. फेराराच्या दरबाराच्या १४४२ सालच्या हिशेबांत असे जोड रंगविल्याबद्दल चिताऱ्यास पैसे दिल्याची नोंद आहे. नेहमींच्या चार रंगांचे ५६ पत्ते, आणि त्यांवर हुकमासारखे चालणारे २२ चित्रांचे पत्ते, मिळून ७८. त्या बाविसांत सम्राट् आहे, पोप आहे, प्रेमी युगुल आहे, मृत्यु आहे, सूर्य-चंद्र आहेत, आणि एका पायानें उलटा टांगलेला मनुष्यहि आहे. मिलानच्या ड्यूकांसाठीं सोन्याच्या वर्खावर रंगविलेल्या एका जोडाचे ७४ पत्ते आजहि शिल्लक आहेत; कांहीं न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत, बाकीचे इटलींतील बेर्गामो येथें. चार पत्ते गहाळ झाले आहेत, आणि त्यांत सैतानाचा एक व कोसळत्या मनोऱ्याचा एक आहे. भाबड्या मनुष्यास यांतहि कांहीं संकेत दिसेल. परंतु जवळजवळ साडेतीनशें वर्षें लोकांनीं या पत्त्यांनीं डाव मांडले, आणि जिंकण्या-हरण्यापलीकडे त्यांना फारसें कांहीं विचारलें नाहीं.

मग १७८१ सालीं पॅरिसमध्यें आंत्वान कूर द जेबलॅं या बहुश्रुत गृहस्थानें आपल्या प्रचंड ग्रंथाच्या आठव्या खंडांत असें जाहीर केलें कीं, हे पत्ते म्हणजे प्राचीन मिसर देशांतील पुरोहितांचें गुप्त शास्त्र होय. एका ओळखीच्या घरीं हा खेळ चाललेला त्यानें पाहिला, आणि पाहतां पाहतां त्याला सर्व उलगडा झाला! मिसरची चित्रलिपि त्या वेळीं जगांत कोणालाच वाचतां येत नव्हती. शांपोलियोनें ती १८२२ सालीं उलगडली, आणि तींत या पत्त्यांचा मागमूसहि निघाला नाहीं. परंतु मधल्या चाळीस वर्षांत कल्पनेनें मूळ धरलें होतें. ज्याची लिपि कळत नाहीं त्याच्या तोंडीं वाटेल तें घालतां येतें, हा अनुभव आपल्याकडील ताम्रपटांच्या बाबतींतहि नवा नाहीं. पॅरिसमधल्याच आल्येत नांवाच्या मनुष्यानें आपलें आडनांव उलटें लिहून ‘एतेय्या’ असें भारदस्त नांव धारण केलें, आणि १७८५ सालीं टॅरोवरून भविष्य पाहण्याची रीत छापून धंदा थाटला. आज डोंबिवलींत जी विद्या पुरातन म्हणून विकली जाते, तिचें वय हें एवढें आहे. सवाई माधवराव शनिवारवाड्यांत लहानाचे मोठे होत होते, त्या काळची ती आहे.

माझ्या विद्यार्थिनीच्या हातांतील चित्रें तर त्याहूनहि अलीकडचीं, १९०९ सालचीं. लंडनमधील आर्थर वेट यांनीं कल्पना दिली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्त्रीनें अठ्ठ्याहत्तरहि पत्ते नव्यानें रेखाटले. तिची करामत अशी कीं, ज्या साध्या संख्येच्या पत्त्यांवर बहुधा नुसत्या तलवारी, पेले किंवा नाणीं मोजून काढलेलीं असत, त्यांतल्या प्रत्येकावर तिनें एकेक प्रसंग उभा केला : कोणी निजला आहे, कोणी पाठ फिरवून चालला आहे, कोणी होडींत बसलें आहे. या श्रमांबद्दल तिला अल्पसें द्रव्य मिळालें. पुढें जोड जगभर अतोनात खपला, आणि ती १९५१ सालीं कॉर्नवॉलमध्यें दारिद्र्यांत वारली. भविष्य सांगणाऱ्या पत्त्यांनीं आपल्या चितारणीला तेवढें सांगितलें नव्हतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. पत्ते आपल्याकडेहि होते, आणि तेहि चित्रांचे. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याचें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे, आणि अबुल फजलनें अकबराच्या बारा रंगांच्या जोडाचें वर्णन करून ठेवलें आहे. पुढें हिंदूंच्या हातीं त्या रंगांचे विष्णूचे दहा अवतार झाले. विद्यार्थिनीच्या कुडाळाजवळच्याच सावंतवाडीचा दशावतारी जोड १२० वाटोळ्या, लाखेच्या रोगणानें चमकणाऱ्या पत्त्यांचा असतो. प्रत्येक अवताराचे बारा, म्हणजे राजा, प्रधान, आणि एकापासून दहापर्यंतचे दहा. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातीं तो डाव सुरू करतो, रात्रीं कृष्णाचा. निम्म्या अवतारांत संख्येच्या पत्त्यांपैकीं दहा थोर, उरलेल्या निम्म्यांत एक थोर. त्यामुळें उतरलेल्या पत्त्यांची आठवण ठेवतांना भल्याभल्यांची तारांबळ उडते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला बुडण्याच्या बेतांत होती. १९७० नंतरच्या वर्षांत शिवरामराजे भोंसले व सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यांत कारागीर बसविले, आणि ती वांचविली.

नवल हें कीं, पत्त्यावर साक्षात् मत्स्य-कूर्मादि देव बसलेले असून गंजिफा हा शेवटपर्यंत खेळच राहिला. आणि ज्यांवर विदूषक नि टांगलेला मनुष्य, ते इटालियन पत्ते मात्र देवत्वास चढले. यासंबंधीं माझा तर्क असा आहे. पॅरिसमधील सुशिक्षित मनुष्याला १७८१ च्या सुमारास दैवाला प्रश्न विचारावयाचा म्हटलें, तर प्रतिष्ठेची अशी जागा उरली नव्हती. पाद्र्याकडे जाण्याची लाज वाटूं लागली होती, आणि विचारण्याची हौस तर गेली नव्हती. कोंकणी मनुष्याला ही अडचण नव्हती. त्याला विचारावयास जागाच जागा होत्या. पत्त्यांना मुद्दाम देवऱ्हाऱ्यांत बसविण्याचें त्याला कारण पडलें नाहीं.

त्या जागांपैकीं सर्वांत जिवंत ती कौलाची. देवाच्या मूर्तीला किंवा पाषाणाला भिजलेल्या पाकळ्या, कळ्या अथवा तांदूळ चिकटवितात. गुरव गाऱ्हाणें घालतो. उजवीकडचें पडलें तर होकार, डावीकडचें पडलें तर नकार. याखेरीज रमल होतें. रमल म्हणजे अरबींत वाळू. वाळूंत ठिपके मारून किंवा सळईंत ओंवलेले फांसे टाकून सम-विषमाच्या चार ओळी मांडावयाच्या. त्यांच्या सोळाच आकृति संभवतात, आणि त्यांवर सारा प्रपंच उभा. गो-या साहेबाच्या देशांतहि हीच विद्या अरबांकडून गेली होती. तुलसीदासाच्या नांवावर चालणारी रामशलाका २२५ घरांची; बोट ठेवावें, तेथून नववें नववें अक्षर घेत जावें, आणि नऊ चौपायांपैकीं एक हातीं यावी. कित्येक मराठी घरांत डोळे मिटून दासबोध उघडतात आणि जी ओवी दिसेल ती आज्ञा मानतात. जी. ए. कुलकर्णी यांनीं १९७५ सालीं आपल्या दोन दीर्घ कथांच्या पुस्तकाला ‘रमलखुणा’ हें नांव दिलें, तेव्हां तो शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागला नाहीं.

परंतु या सर्व साधनांची जात एकच आहे. तीं निवाडा करतात. विहीर येथें खणूं कीं तेथें, मुलगी या घरीं देऊं कीं नको, गलबत आज सोडावें कीं उद्यां, असल्या प्रश्नांना तीं उत्तर देतात, आणि दोन मनांत सांपडलेल्या मनुष्याला एक मन मिळतें. हा लाभ क्षुल्लक नाहीं. कोंकणांत भाऊबंदकीचीं किती भांडणें पाकळीनें मिटलीं असतील त्याची गणती नाहीं. पण अडलेल्या लेखकाची गोष्ट निराळी. त्याला दोन वाटा दिसत असून निवड होत नाहीं असें क्वचितच असतें. त्याला वाटच दिसत नसते. त्याच्यापुढें होय-नाहीं टाकलें, तर पुष्कळदां एकच गोष्ट घडते : नाहीं आलें म्हणजे तो सुटतो. माझी विद्यार्थिनी टॅरोच्या नांवाखालीं नेमका हाच कौल लावीत होती. आई सांगत होती तो देवळांतला, आणि ही लावीत होती तो टेबलावरचा, भेद एवढाच.

येथें कौल या शब्दाचा दुसरा अर्थ मला आठवला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोल, वचन. मराठी अमलांत दुष्काळानें किंवा स्वाऱ्यांनीं गांव ओस पडलें, म्हणजे सरकार रयतेला कौलनामा देई : या, वसा, पडीत जमीन लागवडीस आणा, पहिल्या सालीं सारा नाममात्र, दुसऱ्या सालीं थोडा अधिक, असें चढत चढत ठरलेल्या मुदतीनें पुरा धारा. या चढत्या आकाराला इस्तावा म्हणत. १७३७ ते १७३९ या वर्षांत ठाण्यापासून वसईपर्यंत मराठ्यांचें नि पोर्तुगीजांचें जें युद्ध झालें, तशा धामधुमींतून पांगलेली रयत परत आणावयाची ती असल्याच कौलांनीं. त्यांत पीक येईल कीं नाहीं याचें भविष्य नसे. पहिल्या वर्षीं पुरें पीक कोणी मागणार नाहीं, एवढें अभय असे. पडीत पडलेल्या लेखणीला यांतला कोणता कौल हवा, हें मला तेव्हां उमगलें.

जुन्या कथा याच दृष्टीनें पुन्हां वाचाव्या. महाभारत लिहून घेण्यास गणपति बसला तो अट घालून, कीं माझी लेखणी थांबतां कामा नये. व्यासांनीं प्रतिअट घातली, कीं अर्थ समजल्यावांचून अक्षर लिहूं नये. मग विचार करण्यास सवड हवी असली, कीं व्यास एखादा गांठीचा श्लोक सांगत. गणपति क्षणभर अडे, तेवढ्यांत पुढची जुळणी होई. परंपरेनें अशा कूटश्लोकांची संख्या ८,८०० सांगितली आहे. विघ्नहर्त्यालाच अडवून कवीनें आपलें विघ्न टाळलें, अशी ही मोठी मौजेची कथा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सुखटणकरांच्या संपादकत्वाखालीं आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति १९३३ सालीं पुरी केली, तींत मात्र ही कथा मूळ संहितेंत घेतली नाहीं. ती मागाहून घातलेली ठरली. मला तर त्यामुळें ती अधिकच आवडते. कोणा एका अज्ञात लेखकाला व्यासहि अडत होते असें लिहून ठेवण्याची गरज भासली. तो स्वतः किती अडला असेल!

तुकोबांची गोष्ट याहून कठोर. त्यांचें न लिहिणें आंतून आलेलें नव्हे. वह्या इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या, तें बाहेरच्या धर्मसत्तेमुळें. तेरा दिवस ते नदीकांठीं अन्नपाण्यावांचून राहिले, याची साक्ष त्यांच्याच अभंगांत आहे. परंतु त्यांच्या आरंभाची हकीकतहि लक्षांत घेण्यासारखी आहे. नामदेव पांडुरंगासह स्वप्नांत आले आणि आपली राहिलेली अभंगांची संख्या पुरी करण्यास त्यांनीं सांगितलें. शतकोटींची बाकी डोक्यावर घेऊन सुरुवात करणें, म्हणजे इस्ताव्याच्या अगदीं उलट प्रकार; तुकोबांसारख्यालाच तो पेलावा. तरी दोन्ही ठिकाणीं समान धागा आहे तो असा कीं, ‘लिही’ असें कोणीतरी म्हणावें लागतें. सुचण्याप्रमाणें लिहिण्याचा अधिकारहि आपल्याकडे मिळावयाचा असे, घ्यावयाचा नसे.

सर्वच अडथळे मनांतले असतात असें मात्र समजूं नये, आणि याचें उदाहरण आमच्या ठाण्यांतच आहे. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानें १८९३ सालीं येथें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. त्यांच्या ‘महाराष्ट्र-सारस्वता’चें पहिलें, लहान रूप १८९८ च्या सुमाराचें, मोठा ग्रंथ आला तो १९१९ त. मधल्या वीस वर्षांत भावे हात जोडून बसले होते काय? त्यांनीं १९०३ सालीं ‘महाराष्ट्र-कवि’ मासिक काढलें, जुन्या पोथ्या मिळविल्या, छापल्या. मराठीच्या आरंभकाळाचा एक सबंध कोनाडा मात्र बंद होता : महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपींत होते, आणि पंथाबाहेरच्याला त्यांतलें अक्षर लागत नव्हतें. १९१० च्या सुमारास राजवाड्यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, आणि नव्या ‘सारस्वता’त महानुभावांना त्यांची जागा मिळाली. अशा वेळीं पत्ते मांडून काय होणार? जेथें सामग्रीच अपुरी आहे तेथें हातांत पोथी यावी लागते.

मग पत्त्यांनीं लेखकाला साह्य केल्याचें उदाहरण नाहींच काय? आहे, आणि तें प्रामाणिक आहे. इतालो काल्विनो या इटालियन कथाकारानें १९६९ सालीं मिलानच्या त्याच ड्यूकांच्या पत्त्यांवर एक कथामाला रचली. रानांतून आलेले प्रवासी एका वाड्यांत जमतात. त्यांची वाचा गेलेली आहे. म्हणून ते मेजावर पत्ते मांडून आपापली हकीकत सांगतात, आणि एकाच्या ओळींतला पत्ता दुसऱ्याच्या कथेंत निराळाच अर्थ घेऊन येतो. काल्विनोनें पत्त्याला ‘पुढें काय होईल’ असें विचारलें नाहीं. ‘येथें काय दिसतें’ असें विचारलें. परंतु त्याचाहि शेवट ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या भागासाठीं त्यानें मार्सेयचे पत्ते घेतले, आणि ते कांहीं केल्या मनासारखे जुळेनात. मांडावे, मोडावे, सोडून द्यावे, पुन्हां मांडावे, असें वर्षानुवर्षें चाललें. अखेर १९७३ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें तेव्हां त्यानें उपसंहारांत कबूल केलें, कीं या छंदांतून सुटण्यासाठींच मी तें छापीत आहें. ठरविलेला तिसरा भाग त्यानें लिहिलाच नाहीं. अडथळा काढावयास आणलेलें हत्यार अडथळा होऊन बसलें.

‘येथें काय दिसतें’ हा प्रश्न विचारण्यासाठीं मात्र आपल्याला मिलानपर्यंत जाण्याची गरज नव्हती. कुडाळला लागून पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजाच्या घरांतून चित्रकथीच्या पोथ्या असतात. पोथी म्हणजे शिवलेलें पुस्तक नव्हे; सुट्या चित्रांचा संच. कागद पाठीस पाठ लावून चिकटविलेले, दोन्ही बाजूंस चित्रें, रामायण-महाभारतांतले प्रसंग. कथेकरी एकेक चित्र पुढें धरतो, वीणेच्या नि हुडुक्याच्या साथीवर त्या चित्रांत काय आहे तें सांगतो, मग दुसरें घेतो. लिखित संहिता समोर नसते. चित्र पाहावयाचें आणि कथा तोंडानें उभी करावयाची. बाराव्या शतकांतल्या ‘मानसोल्लासा’त चित्रांवरून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे, इतकी ही रीत जुनी. सावंतवाडीच्या संस्थानानें या लोकांना आश्रय दिला. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत अशीं चित्रें आहेत, आणि पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनीं तर घराशेजारींच संग्रहालय उभारलें. त्यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. सत्काराचा आनंद आहेच. पण गांवोगांवच्या जत्रांतून रात्ररात्र ऐकला जाणारा तो आवाज आतां किती ठिकाणीं उरला आहे, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आपल्या सुशिक्षित वर्गानें चित्रकथीचीं चित्रें चौकटींत बसवून दिवाणखान्यांत टांगलीं. सुट्या पत्त्यासारखीं तीं हातांत घेऊन कोणी बोलावें, हा त्यांचा खरा उपयोग त्याला सुचला नाहीं.

आठव्या दिवशीं विद्यार्थिनी आली. कौल, इस्तावा, व्यास, सगळें मीं तिला सांगितलें. शिक्षकाच्या संवयीप्रमाणें जरा अधिकच सांगितलें असेल. मग तिला म्हटलें, “तुझा तो वाईट पत्ता दाखव पाहूं.” तिनें सहा तलवारींचा पत्ता काढला. एक नावाडी पाठमोरा उभा राहून नाव लोटीत आहे. नावेंत सहा तलवारी उभ्या खोंचलेल्या. आणि पुढें, अंग लपेटून मान खालीं घातलेली एक बाई, शेजारीं लहान मूल.

“यांत काय होणार तें विचारूं नको,” मी म्हणालों. “पिंगुळीच्या ठाकराच्या हातीं हें चित्र दिलें असतें, तर त्यानें काय सांगितलें असतें?”

ती बराच वेळ पाहत राहिली. “आजोबा यांत नाहींत, सर,” ती म्हणाली. “ही आजी आहे. आजोबा आधीं एकटे गेले. ती दोन वर्षांनीं आली, बाबांना मांडीवर घेऊन. ती कशी आली, तें आम्हांला कोणी कधीं सांगितलेंच नाहीं.”

आजी हयात नाहीं. पण आजीची धाकटी बहीण कुडाळास आहे. दिवाळीच्या सुट्टींत विद्यार्थिनी तिच्याकडे जाऊन आली. मीं तिला इस्ताव्याचा कौल दिला होता : पहिल्या महिन्यांत रोज पांच ओळी, त्याहि वाईट असल्या तरी चालतील. तिसरें प्रकरण नुकतेंच माझ्या हातीं आलें आहे. त्यांत वेंगुर्ल्याचा धक्का आहे, आगबोट आहे, आणि आजोबांचा पत्ता नाहीं. वाचतांना मध्येंच खुणेसाठीं घातलेला तो सहा तलवारींचा पत्ता सांपडला. परत करावयास गेलों, तर म्हणाली, राहूं द्या. बाकीचा जोड तिनें शेजारच्या मुलांना खेळावयास देऊन टाकला आहे.